गावातली चित्रांची भिंत राखू या

जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर 'शहरात आज' अशा नावाचं एक बारीक टायपातलं सदर असतं. त्यात कीर्तन असतं, रक्तदान शिबिर असतं, वधू-वर मेळावा असतो, पाणी न येणाऱ्या पेठांची यादी असते. याच गर्दीत कुठेतरी एक ओळ सापडते : चित्रप्रदर्शन, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, प्रवेश विनामूल्य. ही ओळ आता पूर्वीपेक्षा क्वचित दिसते. ती कायमची गळली तर मोर्चा निघणार नाही, निवेदनं दिली जाणार नाहीत, कारण ती गळली आहे हेच कळायला वर्ष-दोन वर्षं जातील. तसं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

हे होतं कसं, ते आधी पाहू. चित्रांवर कुणी बंदी घातलेली नाही. उलट कलादालनं बांधली जातात, फीत कापली जाते, संगमरवरी पाटी लागते. मग दालन बरेच दिवस रिकामं राहतं. रिकाम्या दालनाचं वीजबिल कुणाच्या तरी डोळ्यांवर येतं आणि उत्पन्न वाढवण्याच्या नावाखाली जागा साड्यांच्या सेलला दिली जाते, फर्निचरच्या प्रदर्शनाला दिली जाते. दिवाळीआधीचे, लग्नसराईचे, म्हणजे माणसं हौसेनं घराबाहेर पडतात ते नेमके आठवडे सेलवाले आगाऊ पैसे भरून घेतात. चित्रकाराच्या वाट्याला येते मे महिन्यातली दुपार नाहीतर आषाढातला पाऊस. साहजिकच बघायला कुणी येत नाही. मग 'चित्रांना लोक येत नाहीत' हे कागदोपत्री सिद्ध होतं आणि पुढच्या वर्षी भाडं वाढतं. उडालेले स्पॉटलाइट बदलले जात नाहीत, कारण साड्यांना ट्यूबलाइट चालते. पॅनेल खिळ्यांनी चाळणी झालेले असतात, चित्र टांगायचे हुक हरवलेले असतात, आणि चित्रकार स्वतःच्या पिशवीतून हातोडी, तार आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन येतो. अशी दालनं मी पाहिली आहेत. कुठली ते सांगत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या गावचं दालन आलंच असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रकार गावात घडतो. मुंबईत तो फार तर ओळखला जातो. घडण्यासाठी त्याला राहत्या ठिकाणी काम मिळावं लागतं आणि केलेलं काम टांगायला जवळ एक भिंत लागते. ती भिंत गेली की पुढचं सगळं आपोआप जातं.

पुरावा हवा असेल तर कोल्हापूरकडे बघावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले दोघे भाऊ तिथे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. संगीत नाटकाचा तो बहराचा काळ. केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'सारख्या कंपन्यांना राजवाडा लागे, जंगल लागे, लांबवर जाणारा रस्ता लागे. सपाट कापडावर खोली आणि अंतर उभं करायचं, तेही दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला खरं वाटेल असं. या कामानं त्यांचा हात तयार झाला आणि त्याच कामातून हलत्या चित्राचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही; १९१८ पर्यंत त्यांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा तयार केला होता. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी, मग १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी व्ही. शांताराम आणि इतरांबरोबर १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' १९३६ चा, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं.

या साखळीची पहिली कडी कोणती? गावातल्या एका नाटक कंपनीनं एका रंगाऱ्याकडून पडदा करून घेतला आणि त्याचे पैसे चुकते केले. शिष्यवृत्ती, अकादमी, धोरण यांतलं काही तेव्हा नव्हतं. पडद्याची ऑर्डर मात्र होती. बाबूराव पेंटर हे नाव आज आपण कलामहर्षी म्हणून घेतो, पण 'पेंटर' ही त्यांची धंद्यातली ओळख होती आणि तीच आडनावासारखी चिकटली.

त्यांच्याही आधीचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थाचा परिसर रंगवला. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालनी आपली चित्रं पाण्यात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, शंभर वर्षं ती सांगितली जाते, त्याला कारण आहे. मागणारा गेल्यावर चित्रांचं काय होतं हे त्या गावानं जवळून पाहिलं होतं. आबालाल १९३१ मध्ये गेले. त्यांची मोजकी चित्रं टिकली, आणि त्या थोड्या चित्रांवर कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाची परंपरा उभी आहे.

आजही ते गाव चित्रांसाठी इतरांपेक्षा बरंच जागं आहे, हे मान्य करायला हवं. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं स्वतःचं घर चित्रांसकट शासनाला दिलं. जलरंगांपासून पावडर शेडिंगपर्यंतचं त्यांचं काम तिथे बघता येतं. आणि 'रंगबहार' या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' आहे. टाऊन हॉलच्या बागेत एक सकाळ गाणं चालू असतं आणि झाडांखाली ठिकठिकाणी ईझल लावून चित्रकार काम करत असतात. कुणी समोर बसवलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र करतो, कुणी जलरंगात बागेचाच एक कोपरा पकडतो, एखादा शिल्पकार मातीचा गोळा थापून त्यातून चेहरा काढतो. बागेत आलेला कुणीही त्यांच्या पाठीशी उभा राहून बघू शकतो. दोन तासांपूर्वी कोरा असलेला कागद डोळ्यांदेखत भरत जातो. मला विचाराल तर महिनाभराच्या कलारसग्रहण वर्गापेक्षा अशी एक सकाळ जास्त शिकवते. आठ-नऊ वर्षांचं पोर तिथे तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं दिसलं की समजावं, काहीतरी रुजलं.

पण याच गावात पेठापेठांत फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून वाहतं. पैलवानाला खुराक कोण देणार याची चिंता तालमीला असते, शेजाऱ्यांना असते, गावातल्या पुढाऱ्यालाही असते. चित्रकाराच्या रंगांचं काय, हे कुणी विचारत नाही. गर्दीवर माझा राग नाही. उलट ती गर्दी कशी जमते तेच शिकण्यासारखं आहे. तिथे प्रत्येकाला वाटतं की संघ माझ्या पेठेचा आहे, हरला तर मी हरलो. गावातल्या चित्रकाराबद्दल असं कुणालाच वाटत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह डोळ्यांसमोर जळताना पाहून लोक रस्त्यावर रडले आणि ते पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं पाहिजे असा आग्रह दुसऱ्याच दिवसापासून सुरू झाला. हे प्रेम खरं होतं. कलादालनाच्या नशिबी तेवढंही नाही. ते जळत नाही, ते भाड्यानं जातं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की ठेवायचं यावर इतकी वर्षं वाद चालला आहे. त्यात नाटकाची बाजू हिरीरीनं मांडली गेली आणि ते योग्यच होतं. मात्र त्याच आवारात एक कलादालनही आहे आणि पुण्यातल्या कितीतरी तरुण चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन तिथेच लागलं, ही गोष्ट त्या गदारोळात फार थोड्यांना आठवली.

आता शाळेकडे वळू, कारण प्रेक्षकही तिथेच तयार होतो आणि चित्रकारही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत आहेत. स्मरणचित्रात बाजार काढायचा, संकल्पचित्रात फुलापानांची नक्षी बसवायची, भूमितीच्या पेपरात हात थरथरू द्यायचा नाही. आजही दरवर्षी काही लाख मुलं या परीक्षांना बसतात. हा फार मोठा ठेवा आहे. दुसऱ्या कुठल्या राज्यात आठवी-नववीतली एवढी मुलं एकाच वेळी रंगपेटी घेऊन बसत असतील असं मला वाटत नाही. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची नजर गुणांवर आहे. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. आणि परीक्षेची तयारी करून घेणारे ड्रॉइंगचे सर? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेतच कलाशिक्षणासाठी निदेशकाची सोय आहे, आणि तोही अंशकालीन. खेड्यापाड्यातल्या लहान शाळा त्यातून सुटल्या. जिथे पूर्णवेळ सर होते तिथेही ते निवृत्त झाल्यावर जागा भरली जाईल याची खात्री उरलेली नाही. नोकरीच नाही म्हटल्यावर एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, कोण जाणार? जिल्ह्याजिल्ह्यांतली चित्रकला महाविद्यालयं या एका कारणानं रोडावली.

ड्रॉइंगचे सर म्हणजे गावाचा अर्धा चित्रव्यवहार होता, हे आपण विसरतो. शाळेच्या भिंतीवरचं शिवाजी महाराजांचं चित्र त्यांनी काढलेलं असे. गॅदरिंगचा पडदा, गणपतीची आरास, ग्रामपंचायतीची पाटी, एखाद्या दुकानाचा बोर्ड हे सगळं त्यांच्याकडे किंवा त्यांच्या हुशार विद्यार्थ्याकडे जाई. फ्लेक्स आला आणि ती वाट बंद झाली. बोर्ड रंगवून रोजचा खर्च भागवत रविवारी निसर्गचित्रं करणारा पेंटर ही एक जातच नाहीशी झाली. चित्रकार हुसेन यांनीही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून दिवस काढले होते. आजच्या मुलाला ती पायरीच उरलेली नाही. शिक्षण संपलं की थेट 'आर्टिस्ट' व्हायचं, नाहीतर मोबाइलच्या दुकानात उभं राहायचं.

यावर हमखास एक उत्तर मिळतं : गुणवत्ता असेल तर मुंबई आहेच की. मुंबई आहे, खरंच. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन आहे. आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचं आहे. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन आहे आणि त्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग आहे. १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे; तिचा पावसाळ्यातला मान्सून शो कलामहाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी असतो. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव आहे. या संधींची माहिती आपल्या गावातल्या पोरांपर्यंत पोहोचवणं हेही एक कामच आहे. अर्जाची मुदत उलटून गेल्यावर कळणारी संधी ही संधी नसते. पण जहांगीरमध्ये एकल प्रदर्शनाची तारीख मिळायला किती वर्षं थांबावं लागतं हे कुठल्याही चित्रकाराला विचारा. तोवर त्यानं काय करायचं? त्या इमारतीबाहेर फूटपाथवर चित्रं लावून बसलेले चित्रकार हे त्याचंच एक उत्तर आहे. आणि साताऱ्याहून किंवा परभणीहून दहा फ्रेम केलेली चित्रं नेणं, आणणं, काच फुटू न देणं, आठवडाभर मुंबईत राहणं याचा हिशेब केला की कळतं, घरचं बरं असल्याशिवाय हा खेळ परवडत नाही. म्हणजे मुंबईवर भिस्त ठेवायची तर गावातली चित्रकला फक्त ऐपतदारांसाठी उरेल.

मोठी माणसंही सरळ मुंबईत उगवलेली नाहीत. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा जणांमधले हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. त्याच ग्रुपमधले रझा जे. जे. मध्ये येण्याआधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. नागपूरला तेव्हा कलाशाळाच नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न पोरकट वाटेल, पण उद्या आपल्याला तो खरोखर विचारावा लागणार आहे.

काही वेळा संधीच चालत गावापर्यंत गेली आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद आणि रंग घेऊन डहाणूकडच्या वारली पाड्यांवर गेले. लग्नाच्या चौकापुरती, भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढली जाणारी चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा म्हशे हे नाव जगाला माहीत झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी तर कुणाची वाटही पाहिली नाही. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा वारसा सांभाळायला त्यांनी स्वतःच्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. चिपळूणजवळ सावर्ड्यासारख्या गावात चित्र-शिल्पाचं महाविद्यालय चालतं. आणि औंध! बहात्तर गावांचं ते संस्थान, पण भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. हे सगळं सातारा जिल्ह्यातल्या एका टेकडीवर. यमाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांतले कितीजण त्या दारातून आत जातात, हे ज्याचं त्यानं स्वतःला विचारावं.

चित्रकारांनाही दोन शब्द सुनावायला हवेत, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. उद्घाटनाला पाहुणे, दीपप्रज्वलन, सत्कार, सत्काराला उत्तर यात पाऊण तास जातो आणि चित्रं बघायला दहा मिनिटं उरतात. त्यात चहा येतो. चित्राखालची पाटी इंग्रजीत असते. 'अनटायटल्ड' असं लिहिलेल्या चित्रापुढे उभी राहिलेली बाई आपल्याला यातलं कळत नाही असं समजून निघून जाते, आणि चित्रकार कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइल बघत बसतो. उठून तिच्याशी बोला ना! हे कुठं बसून काढलं, हा निळा असा का झाला, किती वेळ लागला, एवढं सांगितलं तरी पुरे. दुसरं म्हणजे, चित्रकार एकमेकांच्या प्रदर्शनाला जात नाहीत. गावात दोन गट असतात आणि एका गटाच्या प्रदर्शनाला दुसरा गट गेला तर तो बातमीचा विषय होतो. किमतीचंही तेच. मुंबईचे आकडे ऐकून गावात तेच लावायचे आणि मग काही विकलं जात नाही म्हणून रसिकतेच्या नावानं बोटं मोडायची. लहान आकाराची जलरंग चित्रं, स्केचेस, मुद्राचित्रांच्या प्रती परवडतील अशा भावात ठेवा. पगारी माणसाला पहिलं चित्र घेऊ द्या. दुसरं तो आपणहून घेतो.

आता आपण, म्हणजे चित्र न काढणारी माणसं. सगळ्यात मोठी चूक आपली आहे, म्हणून उपायही आपल्याच हातात आहे.

नवं घर झालं की आपण फॉल्स सीलिंगवर, किचन ट्रॉलीवर पैसे घालतो आणि भिंतीवर धबधब्याचं छापील पोस्टर लावतो. वास्तुशांतीच्या बजेटमधून एका चित्राचे पैसे बाजूला काढा. गावातल्या चित्रकाराकडे जा, आपल्याच नदीचं, आपल्याच बाजाराचं चित्र मागा. फ्रेम त्याच्याच ओळखीच्या फ्रेमवाल्याकडून करून घ्या. त्याचाही धंदा चालेल. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये औषध कंपन्यांची कॅलेंडरं असतात. तिथे गावातल्या तीन-चार चित्रकारांची चित्रं आळीपाळीनं लावता येतील, विकली गेली तर बिनकमिशनची. हॉटेल, बँक, पतसंस्था, वकिलाचं ऑफिस या सगळ्यांच्या भिंती आहेत. भिंत फुकट दिली तरी ती मदतच आहे.

गणेश मंडळांना आणि तालमींना हात जोडून सांगणं आहे. डीजेवर आणि आयत्या सेटवर जाणाऱ्या रकमेतला थोडा वाटा यंदा गावातल्या चित्रकाराला द्या. त्याच्याकडून मागचा पडदा रंगवून घ्या, मांडवाच्या बाजूला त्याची चित्रं लावा. दहा दिवसांत मंडपात जितकी माणसं येतात तितकी कलादालनात दहा वर्षांत येणार नाहीत. बाबूरावांना त्यांच्या काळातल्या नाटक कंपन्यांनी जे दिलं, ते आज मंडळं देऊ शकतात. तितका पैसा आणि तितके प्रेक्षक आज त्यांच्याचकडे आहेत.

एमआयडीसीतल्या कारखानदारांसाठीही एक गोष्ट. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवर नक्त मूल्य, उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि ही कामं कोणती ते सांगणाऱ्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांच्या जतनाचाही समावेश आहे. शाळांना संगणक आणि बाकं दिली जातात, ती द्यावीतच. पण जिल्ह्यातल्या पारंपरिक चित्रकलेच्या जतनाला किंवा जुन्या चित्रांच्या दुरुस्तीला या पैशातून काही देता येईल का, एवढं आपल्या हिशेबनिसाला एकदा विचारा.

नगरपालिका आणि महापालिकांकडून मागायच्या गोष्टी फार नाहीत. कलादालनाचे वर्षातले ठरावीक आठवडे फक्त दृश्यकलेसाठी राखून ठेवा, आणि त्यातले काही दिवाळीच्या आसपासचे असू द्या. पहिल्यांदा प्रदर्शन करणाऱ्याकडून नाममात्र भाडं घ्या. दिवे आणि हुक नीट ठेवा. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी स्थानिक चित्रकाराचं किंवा शिल्पकाराचं एक काम असलंच पाहिजे असा ठराव करा. प्रत्येक गोष्टीचा खर्च एका चौकातल्या कमानीपेक्षा कमीच येईल. हे मागण्याची वेळ अंदाजपत्रकाआधीची, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची. एप्रिलमध्ये दिलेल्या निवेदनाला पुढचं वर्ष उजाडतं, हे कुठलाही जुना नगरसेवक सांगेल.

पालकांनी आणि शिक्षकांनी आपल्या शाळेत चित्रकलेचा तास खरोखर होतो का आणि तो कोण घेतं, एवढं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावं. इंटरमिजिएटला श्रेणी मिळवलेल्या मुलाला त्याच आठवड्यात एखाद्या प्रदर्शनाला घेऊन जावं. सहल ठरवताना वॉटर पार्कच्या आधी औंध, पिंगुळी किंवा आपल्याच शहरातल्या संग्रहालयाचं नाव सुचवावं. दुपारच्या वेळी मुलांना स्केचबुक देऊन नदीकाठी बसवणारे सर अजून काही शाळांत आहेत. ते निवृत्त होण्याआधी त्यांची गाठ घ्या आणि त्यांच्याकडून रविवारचा वर्ग सुरू करून घ्या. जागा देवळाच्या सभामंडपाची चालेल.

स्थानिक पेपरांना विनंती आहे की प्रदर्शनाची बातमी उद्घाटनाच्या फोटोवर संपवू नका. फोटोतल्या पाहुण्यांपेक्षा त्यांच्या मागे लागलेलं चित्र छापा, आणि प्रदर्शन किती दिवस चालू आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि तुम्ही, जे इथवर वाचलंत. या आठवड्यात तुमच्या गावात कुठे प्रदर्शन लागलं आहे का, ते आजच शोधा. कोल्हापुरात असाल तर शाहू स्मारक, पुण्यात बालगंधर्व किंवा घोले रस्त्यावरचं रविवर्मा कलादालन, मुंबईत जहांगीर आणि त्याबाहेरचा फूटपाथ, इतरत्र तुमच्या पालिकेचं दालन. दालनाला कुलूप असेल तर ते का आहे, हे पालिकेत जाऊन विचारा. उघडं असेल तर घरातल्या एका मुलाला बरोबर घेऊन जा, चित्रकाराशी बोला, अभिप्रायाच्या वहीत 'छान' यापेक्षा चार शब्द जास्त लिहा आणि निघण्यापूर्वी निदान एका चित्राची किंमत विचारा.